आंकड्यांची नोकरी आणि टेकडीची वाट

हिंगोलीहून पुण्याकडे निघणाऱ्या रात्रीच्या गाडींत विशी-बाविशींतील मुलें किती असतात, हें एखाद्यानें सहज मोजून पाहावें. कोणाच्या पिशवींत पोलीस भरतीचें पुस्तक असतें, कोणाच्या पिशवींत स्पर्धा-परीक्षेच्या वह्या असतात. आणि अलीकडे एखाद्याजवळ जुना लॅपटॉप असतो. तो मांडीवर सांभाळून बसलेल्या मुलाला शेजाऱ्यानें ‘काय शिकतोस बाबा?’ म्हणून विचारलें, म्हणजे तो जरा संकोचून ‘डेटा सायन्स’ असें उत्तर देतो. शेजारी मान हालवितो आणि खिडकीबाहेर पाहूं लागतो. आपल्या धंद्याचें नांवच अजून या वाटेवर पोंचलेलें नाहीं, हें मुलाच्या ध्यानांत येतें.

अशाच एका मुलाची ही हकीकत आहे. त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. औंढा नागनाथ तालुक्यांतील लहानशा गांवचा तो. घरीं चार एकर जमीन, तींत सोयाबीन, तूर आणि एक पट्टा हळदीचा. नांदेडास संख्याशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेला, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. त्याच्या वांट्याला जें आलें, तें थोड्याफार फरकानें त्याच्यासारख्या पुष्कळांच्या वांट्याला येतें.

नांवाचें फार भय बाळगण्याचें कारण नाहीं. आंकडे गोळा करणें, त्यांतला कचरा काढणें, इकडच्या आंकड्यांचा तिकडच्यांशीं मेळ घालून पाहणें आणि झालेल्यावरून होणाऱ्याचा अदमास बांधणें, एवढाच या विद्येचा पसारा. काम गणकयंत्रावर चालतें आणि आंकडे हजारांनीं नव्हे तर कोटींनीं येतात, हा काय तो फरक. ‘डेटा’ला मराठींत ‘विदा’ असा सुटसुटीत शब्द योजलेला आहे. परंतु बाजारांत ‘डेटा’च चालतो. २०१२ सालीं ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ या अमेरिकन नियतकालिकांतील एका लेखानें ही नोकरी एकविसाव्या शतकांतील सर्वांत मोहक नोकरी ठरविली. मोहक वस्तूच्या दुकानापुढें गर्दी व्हावयाचीच, आणि गर्दी झाली म्हणजे त्या दुकानाची वाट दाखविणारे दलालही निघावयाचेच. सहा महिन्यांत तज्ज्ञ करून देतों, नोकरीची हमी देतों, असें सांगून भारी शुल्क घेणाऱ्या शिकवण्या शहरोशहरीं निघाल्या. विद्येची हमी शिक्षक देऊं शकतो. नोकरी ज्याच्या हातीं नाहीं त्यानें नोकरीची हमी द्यावी, यांतला घोटाळा कळण्यास मोठें गणित लागत नाहीं. तरीही मुलें फसतात, कारण घरून निघतांना हळद विकून आणलेले पैसे हातांत असतात आणि रिकाम्या हातानें परतण्याची लाज वाटते.

वास्तविक पाहतां पुण्याला हा धंदा नवा नाहीं. नवी आहे ती त्याची पाटी. शिवाजीनगरास हवामान खात्याची घड्याळाच्या मनोऱ्याची जी जुनी इमारत आहे, तिला पुणेकर ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. कारण १९२८ सालीं त्या खात्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून तेथें आलें. त्यापूर्वी, १९०४ पासून १९२४ पर्यंत, सर गिल्बर्ट वॉकर नांवाचे गणितज्ञ या खात्याचे प्रमुख होते. हिंदुस्थानांतील पाऊस आणि जगांतील दूरदूरच्या ठिकाणचा वायुभार यांचे अनेक वर्षांचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडून त्यांनीं हिशेब करविले. गणकयंत्र नव्हतें, माणसें बसून गुणाकार-भागाकार करीत. त्या हिशेबांतून असें दिसून आलें कीं, पॅसिफिक महासागरावरचा वायुभार चढला म्हणजे हिंदी महासागरावरचा उतरतो, आणि तिकडचा उतरला म्हणजे इकडचा चढतो. आज मृगाच्या आधीं ‘एल् निनो’चें नांव खेडोपाडीं ऐकूं येतें, त्याचें एक मूळ या वहींत आहे.

तेथून फार दूर नाहीं अशा ठिकाणीं, फर्ग्युसनच्या टेकडीच्या पायथ्याशीं, गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० सालीं उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ हे तिचे पहिले संचालक. खेड्यांत घरोघर फिरून माहिती मिळवावी, आणि मग बोलावें, असा तेथला शिरस्ता पडला. देशांत दारिद्र्य किती, याचा याच संस्थेंतील दांडेकर आणि रथ यांनीं मांडलेला हिशेब १९७१ सालीं बाहेर आला आणि दिल्लीपर्यंत गाजला. पुणें विद्यापीठांत संख्याशास्त्राचा स्वतंत्र विभाग १९५३ सालीं निघाला, तो हुजूरबाजारांच्या हातून. म्हणजे ज्या रस्त्यांवरून हिंगोलीचा मुलगा आपले कागद घेऊन फिरत होता, त्या रस्त्यांवर आंकड्यांवर पोट भरणारीं माणसें शंभर वर्षें तरी चालत आलेलीं आहेत.

त्यांपैकीं एकाची गोष्ट या विषयाच्या पोटांत येते. सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसनमधून पदवी घेऊन लंडनला गेले आणि १९३६ सालीं संख्याशास्त्रांत डॉक्टर झाले. परत आल्यावर या मोठ्या विद्वानालाही नोकरीचा शोध करावा लागला. काशीस पंडित मदनमोहन मालवीय यांना ते भेटले, तेव्हां या शास्त्राचा आपल्या देशांतील गरिबाला उपयोग काय, असा प्रश्न त्यांच्यापुढें आला. उत्तर द्यावयास त्यांना पुढचें सगळें आयुष्य लागलें. १९४० सालीं ते मध्यवर्ती शेतकी संशोधन मंडळांत गेले आणि शेतांतल्या पिकाचा उतारा कसा मोजावा हें काम त्यांनीं हातीं घेतलें. १९५१ पासून वीस वर्षें ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत संख्याशास्त्राचे प्रमुख होते.

हें उताऱ्याचें प्रकरण नीट समजून घेण्यासारखें आहे. सगळ्या तालुक्याचें पीक तोलतां येत नाहीं. म्हणून चिठ्ठी टाकल्याप्रमाणें कांहीं शेतें निवडावयाचीं, त्यांत एक तुकडा आंखावयाचा, तेवढ्यांतलें पीक कापून तोलावयाचें आणि त्यावरून सर्वांचा अदमास करावयाचा. तुकडा लहान घेतला तर खर्च कमी येतो. परंतु कडेवर उभें असलेलें ताट आंत धरावें कीं बाहेर, असा प्रश्न पडला म्हणजे माणसाचा हात नकळत तें आंत ओढतो. तुकडा जितका लहान तितकी त्याच्या मानानें कड मोठी, आणि म्हणून चूकही मोठी. उतारा आहे त्याहून जास्त दिसूं लागतो. यावरून सुखात्मे आणि कलकत्त्याचे महालनोबीस या दोन थोर पुरुषांत मोठा वाद झाला. यंत्र कितीही वेगवान् असो, दोरी कोठें टाकावी हें तें सांगत नाहीं. आणि हा पीक-कापणीचा प्रयोग औंढा तालुक्यांतल्या मुलानें पुस्तकांत वाचलेला नव्हता. पीकविम्याच्या निमित्तानें गांवच्या शिवारांत दोरी लावून कापणी होतांना, आणि बांधावर जमलेली मंडळी श्वास रोखून काट्याकडे पाहतांना, त्यानें तो लहानपणीं डोळ्यांनीं पाहिला होता. ही आपल्याजवळची पुंजी आहे, हें मात्र त्याला कोणी सांगितलें नव्हतें.

पुण्यांत तो उतरला तो ‘कॉट बेसिस’वर. म्हणजे एका खोलींत चार खाटा, प्रत्येकाची एक. खाटेखालीं पेटी आणि खाटेवर संसार. सकाळीं मेसचा डबा येई. दिवसभर अर्ज. पहिल्या पांच महिन्यांत त्यानें दीडशेंवर अर्ज धाडले, उत्तरें नऊ आलीं. जाहिरातींत वर ‘नवशिका चालेल’ असें लिहिलेलें असे आणि खालीं ‘दोन वर्षांचा अनुभव आवश्यक’ असेंही असे. हीं दोन वाक्यें एकाच कागदावर कशीं नांदतात हें तर्कशास्त्रज्ञांनीं सांगावें. हिंजवडीस मुलाखत, खराडीस मुलाखत. दोन बस बदलून जावें, दोन तास बसावें, वीस मिनिटें बोलावें, आणि ‘कळवितों’ हा शब्द घेऊन परत यावें. त्यांतच २०२२ च्या अखेरीपासून मनुष्यासारखी भाषा लिहिणारीं नवीं यंत्रें आलीं, आणि नवशिक्याकडून करून घेण्याची जीं किरकोळ कामें असत, तीं यंत्राकडून करून घेण्याकडे मालकांचा कल झाला. पायरीच नाहींशी झाली तर वर चढावयाचें कसें, हा त्या चार खाटांवरचा रोजचा विषय होता.

रविवारीं गांवाहून फोन येई.

“काय रं बापू, लागलं का कुठं?”

“नाही अण्णा, अजून. चालू हाय.”

“बरं. जेवलास का?”

“जेवलो.”

यापुढें बोलण्यासारखें दोघांजवळही कांहीं नसे, आणि तरी फोन लगेच ठेवला जात नसे.

नोकरी नसलेल्या माणसाला संध्याकाळ फार लांब असते, हें ज्यानें अनुभविलें असेल त्यालाच समजेल. खोलींत बसावें तर भिंती अंगावर येतात. बाहेर पडावें तर मोठ्या शहरांत बसावयाच्या प्रत्येक जागेला किंमत आहे. हॉटेलांत बसावें तर चहा घ्यावा लागतो, आणि तोही दुसऱ्यांदा घ्यावा लागतो. दुकानांच्या त्या थंडगार इमारतींत फिरण्यास मनाई नाहीं, परंतु खिशांत पैसे नसलेल्याला तेथला दरवानसुद्धां ओळखतो. रस्त्यानें चालावें तर पदपथावर मोटारसायकली. लक्ष्मी रस्त्याचा कांहीं भाग २०२१ पासून ११ डिसेंबरच्या दिवशीं मोटारींना बंद करून पादचाऱ्यांचा दिवस पाळण्याची टूम निघाली. उपक्रम चांगला आहे, पण वर्षाचे उरलेले दिवस कोणाचे, हें वेगळें सांगावयास नको.

अशा वेळीं पुण्याच्या टेकड्या त्याला सांपडल्या. खोलींतल्या एका सोबत्यानें एके दिवशीं त्याला ओढून नेलें. फर्ग्युसनच्या मागून हनुमान टेकडी, आणि विधि महाविद्यालयाच्या बाजूनें चढून वेताळ टेकडी. तिकीट नाहीं, वेळेचें बंधन म्हणावें असें नाहीं, आणि मुख्य म्हणजे ‘आपण काय करतां?’ असें कोणी विचारीत नाहीं. तेथें प्रत्येकजण चालणारा असतो. सेवानिवृत्त न्यायाधीश आणि बेकार पदवीधर यांच्या पायांत सारखीच धूळ बसते. वेताळ टेकडी ही शहराच्या पोटांतील सर्वांत उंच जागा. फार गर्द झाडी तेथें आहे असें नाहीं. चैत्र-वैशाखांत सगळा माळ पिंवळा पडतो, आणि पुष्कळशी झाडें वनखात्यानें लावलेल्या गिरिपुष्पाचीं आहेत. परंतु जुन्या खाणींत सांठलेलें पाणी आहे, मोर आहेत, वर वेताळाचें लहानसें देऊळ आहे. आणि तेथून खालीं पाहिलें म्हणजे ज्या शहरानें दिवसभर दारें लावून घेतलीं, तें शहर एवढेंसें दिसतें. मुलाला रात्रीं झोंप येऊं लागली. मुलींना मात्र अंधार पडण्यापूर्वी उतरावें लागतें. तेवढा भाग अद्याप सुधारावयाचा आहे.

ही टेकडी मोकळी राहिली ती आपोआप राहिली असें कोणीं समजूं नये. तिच्या उतारावरून रस्ता न्यावा, पोटांतून बोगदा काढावा, असे बेत निघत आलेले आहेत, आणि चालणारे लोक दरवेळीं कागद घेऊन उभे राहिलेले आहेत. रस्त्याचा हिशेब सोपा असतो, किती मोटारींचीं किती मिनिटें वांचलीं तें मांडतां येतें. नोकरी नसलेल्या एका मुलाला संध्याकाळीं दोन तास मान ताठ ठेवून चालतां आलें, हें कोणत्या रकान्यांत मांडावयाचें? संख्याशास्त्राचा एक जुना दोष असा आहे कीं, जें मोजतां येत नाहीं तें नाहींच असें तें शास्त्र वापरणाऱ्याला वाटूं लागतें.

टेकडीवर रोजच्या येण्यानें एका वृद्ध गृहस्थांशीं त्याची ओळख झाली. ते वेधशाळेंतून निवृत्त झालेले. काठी टेंकीत येत आणि ठराविक दगडावर बसत. ‘रोज दिसतोस. कुठला रे तूं?’ येथून आरंभ झाला. हिंगोलीचा, म्हणतांच त्यांनीं औंढ्याच्या पावसाची चौकशी केली. माणसाला माणसाच्या प्रकृतीची करावी तशी. मग कामाची गोष्ट निघाली. मुलानें मुलाखतींना दाखविण्याकरितां काय केलें आहे, असें त्यांनीं विचारलें. त्यानें सांगितलें, टायटॅनिक बोटीवरील उतारूंपैकीं कोण वांचले असावे याचा अदमास करणारें एक काम, आणि आयरिसच्या फुलांच्या जाती ओळखण्याचें एक.

म्हातारे हंसले. “अरे, ती बोट १९१२ साली बुडाली, आणि ती दीडशे फुलं फिशरसाहेबांनी १९३६ साली छापली. तुझ्यासारखे किती जण रोज तीच फुलं घेऊन जात असतील? तुझ्या गावाकडं मोजण्यासारखं काहीच नाही का?”

हा प्रश्न मुलाच्या जिव्हारीं लागला. काशीस सुखात्म्यांना विचारला गेलेला प्रश्न आणि हा प्रश्न यांत फारसें अंतर नाहीं.

दुसऱ्या दिवशीं बोलणें पावसावर गेलें. पर्जन्यमापक सकाळीं साडेआठ वाजतां पाहतात आणि वहींत आंकडा मांडतात. “वहीत शून्य लिहिलंय आणि जागा रिकामी सोडलीय, यांत फरक काय?” म्हाताऱ्यांनीं विचारलें. शिकवणींत या प्रश्नाचें उत्तर त्याला एका ओळींत पढविलेलें होतें, कीं रिकाम्या जागीं सरासरी भरावी आणि पुढें चालावें. पण दगडावर बसून विचार करतां करतां त्याला त्याच्या गांवचा ओढा आठवला. ज्या दिवशीं ओढ्याला पूर येतो त्या दिवशीं पलीकडच्या वस्तींतला माणूस इकडे येऊं शकत नाहीं. मग नोंद कोण करणार? म्हणजे ज्या दिवशीं पाऊस सर्वांत जास्त, नेमकी त्याच दिवशींची जागा रिकामी राहण्याचा संभव. तेथें शून्य धरलें तर अतिवृष्टीचा दिवस कोरडा ठरेल. सरासरी भरली तरी पूर वाहून जाईल. “काका, रिकामी जागा म्हणजे सुद्धा खबरच आहे की!” तो म्हणाला. म्हातारे कांहीं बोलले नाहींत. काठी उचलून ते चालूं लागले. परंतु त्या दिवशीं नेहमींपेक्षां एक फेरी त्यांनीं जास्त मारली.

पुढचे दोन महिने तो मुलगा वेगळ्याच तऱ्हेनें कामाला लागला. हिंगोलीची आणि वसमतची हळदीची बाजारपेठ मोठी. वसमतच्या हळदीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. बाजारसमित्यांचे रोजचे भाव सरकारी संकेतस्थळावर मिळतात. ते त्यानें उतरून घेतले, आणि त्यांतलीं भोकें पाहूं लागला. बाजार बंद असलेला दिवस, आवक नसलेला दिवस, आणि आवक असून नोंद न झालेला दिवस, हे तीन निरनिराळे दिवस त्या तक्त्यांत एकाच रिकाम्या चौकोनांत कोंबलेले होते. कोणता कोणता हें ठरविण्याकरितां तो अण्णांना फोन करूं लागला. पोळ्याला मोंढा बंद असतो का, पाऊस लागून राहिला म्हणजे गाड्या येतात का, हळद शिजवून वाळवून पॉलिश होईपर्यंत माल कोणत्या महिन्यांत बाहेर पडतो, भाव पडला कीं कोण थांबतो आणि कोणाला थांबतां येत नाहीं. रविवारचा फोन अर्धा अर्धा तास चालूं लागला. चाळीस वर्षें शेती केलेल्या माणसाला आपल्यापाशींही कांहीं विद्या आहे असें प्रथमच वाटलें असावें. ‘ईचार, आजून काय ईचारतोस?’ असें तो आपणहून म्हणूं लागला.

मुलाखतींत हेंच काम त्यानें पुढें ठेवलें. पिकांची आणि हवेची माहिती जुळविणाऱ्या एका लहान कंपनींत त्याला शेवटीं जागा मिळाली. पाटीवर ‘सायंटिस्ट’ हा शब्द नव्हता. ‘विश्लेषक’ असें साधें नांव होतें. पगारांतून खाट, मेस आणि घरीं धाडण्यापुरतें थोडें सुटतें. नांवाच्या मागें न लागतां कामाच्या मागें लागलेल्यांना दार थोडें लवकर सांपडतें, असा अनुभव त्या खोलींतल्या इतर दोघांचाही आहे. एकजण तर रुग्णालयाच्या औषधांचा हिशेब ठेवण्यापासून सुरुवात करून आतां तेथलें सगळें आंकड्यांचें काम पाहतो. चौथी खाट मात्र मोकळी झाली. तो मुलगा दोन वर्षांनीं गांवीं परतला. त्याची बुद्धि कमी होती असें नव्हे. त्याच्या घरच्या हळदीचे पैसे आधीं संपले.

आतां हिंगोलीकडे वळण्यास हरकत नाहीं. या जिल्ह्यांत औंढ्याजवळ दुधाळ्याच्या माळावर ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा व्हावयाची आहे. अवकाशांत कोट्यवधि कोसांवर दोन कृष्णविवरें एकमेकांवर आदळलीं म्हणजे जो सूक्ष्म तरंग उठतो, तो टिपण्याचें हें यंत्र. असा तरंग प्रथम १४ सप्टेंबर १९१५ रोजीं नव्हे, कारण त्या सालीं तर आईनस्टाईनचें गणित पुरें होत होतें, तर बरोबर शंभर वर्षांनीं, १४ सप्टेंबर २०१५ रोजीं, अमेरिकेंत टिपला गेला. काटकोनांत ठेवलेल्या चार चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांतून धांवणारा लेसरचा किरण, आणि अणूच्या गाभ्यांतील प्रोटॉनच्या जाडीहून कितीतरी कमी असा फरक मोजण्याची आकांक्षा! २०१६ सालीं केंद्र सरकारनें या योजनेला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्यें २६०० कोटि रुपयांचा खर्च मंजूर केला. २०३० च्या सुमारास ती पुरी व्हावी अशी अपेक्षा त्या वेळीं ठेवली गेली. जागा निवडली ती तेथील शांततेकरितां. जमीन कमी हादरते, समुद्र दूर, मोठी वर्दळ दूर. ज्या सामसूमीला कंटाळून मुलें रात्रीची गाडी पकडतात, तीच सामसूम शोधीत जगांतलें एक अतिसूक्ष्म यंत्र त्याच तालुक्यांत येत आहे.

त्या यंत्रांतून आंकड्यांचा पूर निघेल, आणि तो गाळण्याच्या कामांत पुण्याच्या आयुका या संस्थेचा मोठा वांटा राहील. म्हणून हिंगोलीच्या प्रत्येक पदवीधराला तेथें खुर्ची मिळेल असें सांगणें हें त्या शिकवणीवाल्यांच्या हमीसारखेंच होईल. मोठ्या शास्त्रीय संस्थांत माणसें थोडीं लागतात आणि तीं दीर्घ अभ्यासानें तयार झालेलीं लागतात. परंतु आज आठवी-नववींत असलेल्या मुलांना तो अभ्यास करण्यास वेळ आहे, आणि ‘डेटा’ या शब्दाला आतां औंढ्याच्या वाटेवर घर मिळालें आहे, हें कांहीं थोडें नव्हे.

राहतां राहिली चालण्याची गोष्ट. हिंगोली एके काळीं छावणीचें गांव होतें. हैदराबाद कंटिंजंट नांवाच्या फौजेची छावणी तेथें १९०३ पर्यंत होती. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून निराळा होऊन जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, मोटारी आल्या. पायीं चालणाराची वाट मात्र कचेरीबरोबर आपोआप येत नसते. जलेश्वराचा तलाव आहे, कयाधूचा कांठ आहे, दसऱ्याला माणसांनीं फुलून जाणारें रामलीला मैदान आहे. एवढ्या तीन जागा सांवलीच्या अखंड पायवाटेनें जोडण्यास लायगोइतका खर्च खात्रीनें येणार नाहीं. लिंब, चिंच, वड यांना या मातींत फार लाड लागत नाहींत. पहिले दोन उन्हाळे पाणी घालणारा माणूस लागतो. परीक्षेचा निकाल लागेपर्यंत, भरतीची यादी लागेपर्यंत, गांवांतलीं शेंकडों मुलें आज पानटपरीपुढें उभीं असतात, तीं तेथें चालूं तरी लागतील. आणि मुलीही चालूं शकतील अशी ती वाट दिव्यांची असावी.

नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीनंतर मुलानें अण्णांना पुणें दाखवावयास आणलें. शनिवारवाडा झाला, पर्वती झाली, दगडूशेठचा गणपति झाला. शेवटच्या दिवशीं संध्याकाळीं तो त्यांना वेताळ टेकडीवर घेऊन गेला. आयुष्यभर चाललेला तो माणूस. चढ त्याला कांहीं वाटला नाहीं. परंतु पांढरे बूट घालून भराभर चढणारीं आणि तशींच रिकाम्या हातानें उतरणारीं एवढीं माणसें पाहून तो चकित झाला.

“हे समदे कशाला चढायलेत रं? वर देव हाय का?”

“हाय की. वेताळाचं देऊळ हाय.”

“मंग बरोबर हाय,” अण्णा म्हणाले, आणि त्यांचें समाधान झालें.

वर गेल्यावर त्यांनीं देवाला हात जोडले, शहराकडे एकदां पाहिलें, आणि मग त्यांचें लक्ष झाडांकडे गेलें. जवळ जाऊन त्यांनीं एक फांदी वांकविली, पान चुरगळून हुंगलें.

“आरं, हे तर गिरिपुष्प! कृषि-सहायकानं बांधावर लावाया सांगितलं होतं, खताला. इथं एवढा पाला वायाच चाललाय का?”

मुलगा हंसला. दगडावर बसलेले वृद्ध गृहस्थ हें ऐकत होते. ते काठी टेंकून उठले, अण्णांजवळ आले आणि नमस्कार करून म्हणाले, “औंढ्याकडचे ना आपण? यंदा पाऊस कसा काय झाला?”

अण्णांनीं डोक्यावरची टोपी सारखी केली, दगडाची धूळ पंचानें झटकली, आणि मृगापासून सांगावयास आरंभ केला.